शिट्टी सगळ्यात शेवटी: मणक्याच्या ऑपरेशननंतर पंच म्हणून मैदानावर परतताना

टाके निघाले, महिना-दीड महिना गेला, की डॉक्टर तपासून म्हणतात, "आता रोजचं सगळं करायला हरकत नाही." हे म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर ऑफिसची खुर्ची, दुचाकी आणि बाजाराची पिशवी असते. गोलकिक उडाल्यावर मान वळवून चेंडूकडे बघत उलट्या पावलांनी पळणं त्यांच्या डोक्यात नसतं. तिथून एकदम पाय रोवून दुसऱ्या टोकाला प्रतिहल्ल्यामागे धावणं तर नसतंच. आपण मात्र "सगळं" हा शब्द घेऊन घरी येतो आणि शिट्टीची दोरी शोधायला लागतो.

कोल्हापुरात ही घाई जास्त होते. फुटबॉलचा हंगाम हिवाळ्यात सुरू झाला की उन्हाळ्यापर्यंत श्वास घ्यायला सवड नसते, पंच मोजके असतात, आणि गंगावेशीत दूध प्यायला उभं राहिलं तरी कुणीतरी विचारतंच, "सर, मैदानात कवा दिसणार?" त्या प्रश्नाला उत्तर कसं द्यायचं, टप्पे कसे लावायचे, हे इथे सांगतो. उदाहरणं फुटबॉलची आहेत, कारण मी त्यातला. कबड्डी, कुस्ती, क्रिकेटच्या पंचांसाठी शेवटी लिहिलं आहे.

आधी डॉक्टरांना पंचगिरी समजावून सांगा

पुढच्या तपासणीला जाताना एक कागद घेऊन जा. त्यावर सरळ लिहा: मोठ्या दर्जाच्या ९० मिनिटांच्या सामन्यात मधला पंच साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. त्यात चालणं, हळू पळणं, जोरात पळणं, उलटं पळणं आणि आडवं पळणं असं सगळं असतं. लाईनमनचं अंतर यापेक्षा बरंच कमी, पण तो आडव्या पावलांनी सरकत असतो आणि कंबर-मान सतत मैदानाकडे वळलेली असते. जमीन कशी आहे तेही लिहा. उन्हाळ्यात आपली बरीच मैदानं दगडासारखी टणक होतात. खेळाडू अंगावर आदळण्याची शक्यता लिहा. शक्य असेल तर मोबाईलवर एखाद्या सामन्यातला पंच दोन मिनिटं दाखवा. मणक्याचे सर्जन फुटबॉल बघत असले तरी चेंडू बघतात, पंचाचे पाय कोण बघतो?

मग नेमकं विचारा. "खेळू शकतो का?" असं विचारलं तर उत्तर गोलमाल येतं. विचारायचं ते असं: हळू पळायला कधीपासून सुरू करू? झटक्याने दिशा बदलायला कधी? धक्का लागला तर काय होऊ शकतं? तुम्ही घातलेल्या स्क्रूंची किंवा हाडाच्या जोडाची खात्री एक्स-रेवर कधी करणार? फिजिओकडे जायची चिठ्ठी मागून घ्या. डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयचा रिपोर्ट यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. बाहेरगावी सामन्याला गेल्यावर काही झालं तर तिथल्या डॉक्टरला कोणत्या मणक्याचं काय केलंय ते कळलं पाहिजे.

ऑपरेशन कोणतं, त्यावर मुदत

"मणक्याचं ऑपरेशन" या एका नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. मित्राचं झालं म्हणून त्याच्या तारखा आपल्याला लावू नयेत.

सरकलेल्या गादीचा नसेवर दाबणारा तुकडा काढला असेल, म्हणजे मायक्रोडिसेक्टॉमी, तर बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. कंबरेत हा त्रास बहुतांशी शेवटच्या दोन गाद्यांना होतो, चौथ्या-पाचव्या मणक्यामधली आणि पाचव्या मणक्याखालची. पुढचे चार ते सहा आठवडे वाकणं, वजन उचलणं आणि कंबर पिळणं टाळायला सांगतात. हळू पळणं साधारण दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान सुरू होतं. हातात शिट्टी यायला तीन-चार महिने धरा, पाय कमजोर झाला असेल तर त्याहून जास्त. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे काढलेला असतो तो फक्त तुकडा, गादी तिथेच असते. तिच्या आवरणाला पडलेली भेग भरायला वेळ लागतो आणि काही जणांची तीच गादी पुन्हा सरकते.

दोन मणके स्क्रू-रॉडने जोडले असतील, म्हणजे फ्युजन, तर गणित पूर्ण बदलतं. स्क्रू फक्त धरून ठेवतात, खरा जोड हाडाचा. तो पक्का व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं. दुखणं तीन महिन्यांत गेलं म्हणून जोड झाला असं होत नाही. इथे एक्स-रे किंवा सीटी बघून सर्जन हो म्हणत नाहीत तोवर पळायचं नाही. हंगाम गेला तर जाऊ द्यावा. आणि तंबाखू, मावा, सिगारेट यांतलं काहीही चालू असेल तर ते आजच थांबवा. निकोटिनमुळे हाड जुळायला अडथळा येतो. तंबाखू मळत "डॉक्टर, जोड का धरंना?" असं विचारणारे पेशंट सर्जननी भरपूर बघितलेले असतात.

मानेचं ऑपरेशन हा वेगळाच विषय. मान जोडलेली असेल तर ती वळण्याची मर्यादा कमी होते, आणि पंचाचं निम्मं काम मानेवर चालतं. तिथे डोक्यावर चेंडू बसणं, धक्का लागणं याबद्दल सर्जनशी स्वतंत्र बोलल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका.

पहिले आठवडे: रंकाळा पुरेसा आहे

या काळात व्यायाम एकच, चालणं. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. आधी गल्लीत, मग रंकाळ्यावर. रंकाळ्याचा फायदा म्हणजे वाट सपाट आहे आणि थकलात तर बसायला जागा आहे. पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या, पन्हाळ्याचा चढ, जोतिबा यांना अजून वेळ आहे. पूर्ण फेरी मारण्याचा हट्ट नको. अर्ध्यावर जाऊन परत यायला लागतं हे विसरून लोक पहिल्याच आठवड्यात लांब जातात.

खुर्चीत सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नका. बँकेत, शाळेत नोकरी असेल तर घड्याळ लावून उठा. दुचाकी हा आपल्याकडचा खरा शत्रू. कोल्हापूरच्या रस्त्यांवरचे खड्डे आणि गतिरोधक ताज्या ऑपरेशनच्या कंबरेला सोसत नाहीत. डॉक्टर म्हणेपर्यंत दुचाकीवर मागेसुद्धा बसायचं नाही.

सकाळच्या बाबतीत एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. झोपेत गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यानंतरच्या पहिल्या तासात पुढे वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. आपल्याकडे पहाटे उठून थेट मैदानावर जायची सवय आहे. उठल्यावर तासभर तरी जाऊ द्या, घरातल्या घरात फिरा, मग बाहेर पडा. बुटाची नाडीसुद्धा पाय कट्ट्यावर ठेवून बांधा.

आणि ही लक्षणं दिसली तर फिजिओ, मित्र, इंटरनेट कुणालाही विचारत बसू नका, तडक इस्पितळ गाठा: लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधल्या आणि बैठकीच्या भागाला बधिरपणा, दोन्ही पायांतली ताकद जाणं. पाऊल उचलता न येता चालताना फरफटायला लागलं तरी तेच. ताप येऊन जखमेतून स्राव येणं, एका पोटरीला सूज येऊन दुखणं, अचानक छातीत दुखणं किंवा दम लागणं यालाही उद्यावर ढकलायचं नाही.

पाय परत आला का, हे घरी कसं बघायचं

कंबर दुखायची थांबते तेव्हा माणूस खूश होतो. पंचाने खूश व्हायचं ते पायाकडे बघून. दबलेली नस मोकळी झाली तरी तिने चालवलेला स्नायू लगेच जागा होत नाही, काही वेळा महिने लागतात.

भिंतीला बोटं टेकवून उभे राहा. एका पायावर, गुडघा सरळ ठेवून, टाच पूर्ण उचला आणि खाली आणा. चांगल्या पायाने किती वेळा होतं ते मोजा, मग ऑपरेशनच्या बाजूच्या पायाने. चांगल्या पायाने वीस-पंचवीस होतात आणि दुसऱ्याने सातव्या-आठव्याला टाच अर्ध्यावर राहते असं दिसलं, तर पोटरी चालवणारी नस अजून पूर्ण सावरलेली नाही. ही पोटरी नसेल तर पळताना जमीन ढकलणार कशाने? दुसरी चाचणी म्हणजे फक्त टाचांवर दहा-पंधरा पावलं चालणं. एक पंजा खाली पडत असेल तर त्या पायाने खड्ड्यात ठेच लागणार हे नक्की. पायाचा अंगठा वर उचलून दुसऱ्याला बोटाने दाबायला सांगा, दोन्ही बाजूंचा जोर सारखा हवा. आठवड्यातून एकदा हे करा आणि वहीत आकडे लिहा.

ताकदीच्या व्यायामांत जोर-बैठका लगेच आणू नका. तालमीत वाढलेल्यांना हे पटत नाही, पण बैठकीत तळाला कंबर गोल होते आणि तिथेच गादीवर दाब येतो. फिजिओ सुरुवातीला जे देतात ते दिसायला किरकोळ असतं: पाठीवर झोपून कंबर उचलणं, हात-गुडघ्यांवर येऊन उलट बाजूचे हात-पाय लांब करणं, कुशीवरचा प्लँक. कंबर हलू न देता हात-पाय हलवायला शिकणं हा त्यामागचा हेतू. खाली वाकायचं झालं तर कंबरेतून न वाकता खुब्यातून वाका, पाठ सरळ. नाणेफेकीनंतर नाणं उचलणं, गोलपोस्टची जाळी तपासणं, फ्री किकच्या वेळी ९.१५ मीटरची खूण करायला स्प्रे मारणं, सामन्यात अशी वाकणी दहा-वीस होतात. ती अंगवळणी पडेपर्यंत घरात पडलेली प्रत्येक वस्तू तशीच उचला.

पळणं: सरळ, मग आडवं, मग उलटं

पाऊण तास झपझप चालून दुसऱ्या दिवशी सकाळी अंग नेहमीसारखं असेल आणि डॉक्टरांचा होकार असेल, तर पळायला सुरुवात. मातीचा किंवा गवताचा ट्रॅक निवडा, डांबरी रस्ता नको. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात सकाळी जाणाऱ्यांना सोय आहे. चार मिनिटं चालणं, एक मिनिट हळू पळणं, असं पाच-सहा वेळा, एक दिवसाआड. दर आठवड्याला पळण्याचा वाटा थोडा वाढवा. वेळ आणि वेग एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत.

दुखण्याचं काय? थोडी जडपणाची जाणीव चालते. मी हाच नियम पाळतो: दुखणं कंबरेत राहिलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत विरलं तर पुढे जा, ते नितंबातून मांडीत, मांडीतून पोटरीत उतरायला लागलं तर थांबा. पायातून वर कंबरेकडे सरकणारं दुखणं परवडतं, खाली उतरणारं नाही. आणि कंबरेचा पट्टा बांधूनच पळता येत असेल तर तुम्ही अजून पळायला तयार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सलग पंचवीस-तीस मिनिटं आरामात पळता आलं की पंचगिरीचं खरं शिक्षण सुरू होतं. आधी आडवी पावलं, डावीकडे आणि उजवीकडे, पाय एकमेकांवर न चढवता. त्यानंतर उलटं पळणं, सुरुवातीला फक्त दहा मीटर आणि मोकळ्या जागेत. उलटं पळताना माणूस नकळत कंबर मागे झोकतो. छाती किंचित पुढे आणि पावलं छोटी ठेवा. सगळ्यात शेवटी थांबून वळणं. वळताना आधी पाय वळवा, मग धड. पाय जमिनीत रुतलेला आणि कंबर फिरतेय, हाच प्रसंग टाळायचा आहे.

शिट्टीचं विसरू नका. खोकताना, शिंकताना सुरुवातीला कंबरेत कळ यायची ते आठवतं? पोटात दाब वाढला की गादीवर येतो. जोरात शिट्टी फुंकतानाही तसंच होतं. पोट आधी हलकं आवळून, आखूड आणि कडक फुंकायचा सराव घराच्या गच्चीवर करा. शेजारी चार दिवस बोलतील.

फिटनेस टेस्ट

पंच मंडळाचे निकष स्पर्धेप्रमाणे बदलतात, तुमच्या दर्जाला काय लागू आहे ते विचारून घ्या. दिशा कळावी म्हणून फिफाची आंतरराष्ट्रीय पुरुष पंचांची चाचणी बघा: ४० मीटरच्या सहा जोरदार धावा, प्रत्येकी ६ सेकंदांत, मध्ये एक मिनिट विश्रांती. त्यानंतर ७५ मीटर १५ सेकंदांत पळून २५ मीटर १८ सेकंदांत चालणं, असं चाळीस वेळा, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर दहा फेऱ्या. सहायक पंचांना, म्हणजे लाईनमनना, ३० मीटरच्या पाच धावा असतात आणि दिशा बदलण्याची वेगळी चाचणी: दहा मीटर सरळ, आठ मीटर एका बाजूने आडवं, आठ मीटर दुसऱ्या बाजूने, पुन्हा दहा मीटर सरळ.

ऑपरेशन झालेल्या कंबरेला या जोरदार धावा लांब पळण्यापेक्षा जास्त जाचक असतात. सुरुवात ६० टक्के जोराने करा, पहिली दहा मीटर सावकाश वेग घ्या. परीक्षेच्या दिवशी आयुष्यातली पहिली पूर्ण ताकदीची धाव मारायची नाही. आणि टेस्ट पास होणं म्हणजे सामना झेपणं नव्हे. टेस्टमध्ये कुणी अंगावर येत नाही, तिथे कुठल्या दिशेला पळायचं हे आधीच माहीत असतं.

सामन्यांची शिडी

खेळाडूला दुखलं तर प्रशिक्षक बदली खेळाडू पाठवतो. मधल्या पंचाने साठाव्या मिनिटाला कंबर धरली तर सगळा सामना खोळंबतो. शिवाय दुखणारा माणूस चेंडूपासून पंधरा मीटर मागे राहतो, आणि लांबून दिलेली पेनल्टी खरी असली तरी कुणाला पटत नाही. म्हणून पायऱ्या चढत यायचं. सचिवांना मोकळेपणाने सांगा, "सर, औंदा सुरुवातीला लाईन द्या, मधी नको." त्यात कमीपणा नाही. लपवून मधला सामना घेणारा पुढच्या महिन्यात गायब होतो, त्याचा मंडळाला जास्त ताप.

पहिली पायरी चौथ्या पंचाची. दोन तास उभं राहणं, दोन्ही बाकांवरचा आरडाओरडा सांभाळणं, बदलीचा फलक डोक्यावर धरणं. यात कंबरेची खरी परीक्षा उभं राहण्याची होते. एका जागी खांबासारखं न थांबता दोन-चार पावलं फिरत राहा. मग शालेय किंवा लहान गटाच्या सामन्यात लाईन. पुढे मोठ्यांची लाईन. मग लहान गटात मध्ये शिट्टी, तिथे मैदान आणि वेळ दोन्ही कमी असतात. प्रत्येक पायरीवर दोन-तीन सामने निर्धोक गेले की पुढची.

शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना, भरलेली गॅलरी, फटाके आणि दोन्हीकडचे झेंडे, हे आपल्या सगळ्यांच्या रक्तात आहे. परतीचा पहिला मोठा सामना म्हणून तो मात्र घेऊ नका. अशा सामन्यात वाद झाला की खेळाडू पंचाला घेरतात, ढकलाढकली होते, मागून कोण येतंय ते दिसत नाही. धक्का येणार हे माहीत असेल तर शरीर सावरतं, बेसावध धक्क्यात कंबर पिळते. घोळका जमताना दिसला की मागे सरकत, सगळे समोर दिसतील अशा जागी उभे राहा. ही सवय तशीही चांगलीच.

सामन्याचा दिवस

मैदानावर तासभर आधी पोहोचा. दुचाकीने लांबच्या गावी जाऊन उतरल्या उतरल्या पळणं टाळा. चारचाकी मिळाली तरी मध्ये एकदा उतरून चाला. किटची बॅग एका खांद्याला नको. वॉर्मअपमध्ये उलटी आणि आडवी धाव हवीच. मध्यंतराला खुर्ची मिळाली म्हणून पूर्ण वेळ बसून राहू नका, कंबर आखडते आणि दुसऱ्या अर्धाच्या पहिल्याच धावेत त्रास होतो. दुपारी लागोपाठ दोन सामने असतील तर दुसऱ्याची जबाबदारी घेऊ नका. गॅलरीच्या सिमेंटच्या पायरीवर तासभर पाठ गोल करून बसलात तर तेही कंबरेला सामन्याएवढंच पडतं.

वेदनाशामक गोळी खाऊन मैदानात उतरायचं नाही. गोळी दुखणं झाकते, कारण तसंच राहतं, आणि थांबायची सूचना देणारी एकमेव घंटा आपणच बंद करतो. गोळी लागत असेल तर त्या दिवशी सामना नाही.

इतर खेळांचे पंच

कुस्तीत मॅटवरच्या पंचाचं काम कंबरेला सगळ्यात कठीण. खांदे टेकले का हे बघायला झटकन गुडघ्यावर किंवा पोटावर जावं लागतं, आणि शंभर किलोचे दोन पैलवान कधी अंगावर येतील सांगता येत नाही. परतताना आधी टेबलावरचं किंवा बाजूच्या पंचाचं काम घ्या. खासबागेतल्या मातीवरच्या निकाली कुस्तीत तर वेळेची हद्दही लांबते, तिथे घाई नको. कबड्डीत सरपंचापेक्षा, म्हणजे मुख्य पंचापेक्षा, गुणलेखक आणि सहायक गुणलेखक ही सुरुवातीची जागा, फक्त बसून कंबर आखडू देऊ नका. अंपायरला रेषेवर वाकून पाय बघायची सवय असते, ती गुडघ्यातून आणि खुब्यातून वाकण्यात बदला. क्रिकेटच्या अंपायरला पळायचं नाही, पण दिवसभर उभं राहायचं असतं. षटकांच्या मध्ये स्क्वेअर लेगकडे चालत जाताना कंबर सैल करा, टोप्या-स्वेटर गळ्यात-कंबरेला लटकवून घेऊ नका. व्हॉलीबॉलचा मुख्य पंच उंच स्टँडवर चढतो-उतरतो, तिथून उडी मारून उतरायची सवय आजपासून बंद.

पहिल्या हंगामात प्रत्येक सामन्यानंतर वहीत तीन ओळी लिहा: कोणती जबाबदारी होती, कितव्या मिनिटाला कंबर जाणवली, दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसा होता. टाच उचलण्याचा आकडा सोबत. लागोपाठ दोन सामन्यांनंतर पायात दुखणं उतरलं किंवा आकडा घसरला, तर एक पायरी खाली या आणि फिजिओला वही दाखवा. हंगाम संपून पाऊस सुरू झाला की मैदानं चिखलाची होतात आणि आपोआप विश्रांती मिळते. त्या महिन्यांत ताकदीचे व्यायाम सोडू नका, आणि सर्जनची वार्षिक तपासणी गणपतीच्या आधी उरकून घ्या. गणपतीत मंडळाची मूर्ती उचलायला हात लावायचा मोह होतोच. तिथे ढोल-ताशाच्या पुढे उभं राहून गर्दी बाजूला करायचं काम मागून घ्या, पंचाला ते छान जमतं.